आमच्या हीटरची राख

आमच्या टाउनशिपमध्ये लोक काडीपेटी जपून वापरत आणि वीज सांडत. काडीपेटी दुकानातून आणावी लागे. वीज क्वार्टरबरोबरच मिळायची, जशी न्हाणी मिळायची, मागच्या अंगणातला नळ मिळायचा. कुणाच्याही घराला मीटर नव्हता. कारखान्यात विजेची अवजड यंत्रं बनत, आणि त्याच कारखान्याच्या माणसांना वीज मोजून द्यायची म्हणजे हलवायाने घरच्या पाहुण्याला पेढा मोजून देण्यासारखं झालं असतं.

त्यामुळे भोपाळच्या त्या अख्ख्या वसाहतीत घरोघरी ओट्यावर विजेचा हीटर. लोखंडी चौकटीत भाजलेल्या मातीची गोल तबकडी, तिच्या खाचांत वेटोळी घातलेली तार. सकाळी कारखान्याचा पहिला भोंगा झाला की बटण दाबायचं, ते रात्री जेवणं आटोपेपर्यंत दाबलेलंच. स्वयंपाक झाला तरी हीटर बंद करायचा नाही, वर पाण्याचं पातेलं ठेवून द्यायचं. लागेल कधी तरी गरम पाणी. आमच्या शेजारच्या काकू पावसाळ्यात त्याच्यावर जाळी ठेवून मोजे वाळवत. थंडीत तर लोक हीटर खोलीच्या मध्यभागी आणून ठेवत आणि दार उघडं टाकून अंगणात गप्पा मारत बसत. कुणी टोकलंच तर उत्तर ठरलेलं, "बिजली का क्या है भाभी, अपनी ही तो है."

माझ्या आईला मात्र हीटर म्हणजे नुसती सोय नव्हती. ती वर्ध्याकडची. लहानपण चुलीपुढे फुंकणीने फुंकण्यात गेलं, लग्नानंतर नागपुरात कोळशाची शेगडी आली, आणि माझ्या जन्माच्या सुमारास तिला दमा जडला. बाबांना भोपाळच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा टाउनशिपच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची छाती तपासून एकच सांगितलं, धुराजवळ जायचं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरातून धूर हद्दपार झाला. उदबत्तीसुद्धा देवापुढे नुसती उभी असायची, न पेटवलेली. देवांनी चालवून घेतलं. तुलसी नगरात सरकारी क्वार्टरमध्ये मावशी राहायची. तिच्याकडे शेगडी पेटली की आई चपला घालून रस्त्यावर जाऊन उभी राहायची.

आणि तिला आपल्या स्वयंपाकघराचा कोण अभिमान! महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना तळं दाखवायच्या आधी ती ओट्यामागची भिंत दाखवायची. "बोट फिरवून बघा," म्हणायची. पाहुणे बिचारे बोट फिरवत. बोट स्वच्छच राहायचं.

मला लहानपणापासून एक खोड आहे, प्रश्न सुटेपर्यंत समोरच्याला सोडायचं नाही. मला कोडं पडलेलं होतं की धूर जातो कुठे. मावशीकडे काही तरी जळतं, म्हणून भात शिजतो आणि म्हणून धूर येतो. आमच्याकडे काहीच जळत नाही आणि तरी भात शिजतो, हे मला काही केल्या पटेना. मी बाबांच्या मागे लागले. बाबा टर्बाइनच्या विभागात इंजिनियर. त्यांनी कागदावर चाक काढून दाखवलं: वाफ येते, चाक फिरतं, वीज तयार होते. विजेला धूर नसतो. मी विचारलं, वाफ कुठून येते? बॉयलरमधून. आणि बॉयलर कशाने तापतो? तर म्हणाले, ते बॉयलरवाल्यांना विचार. टर्बाइनच्या अलीकडचं जग बाबांना फारसं मान्यच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अख्खी वसाहत विजेची यंत्रं बनवायची आणि अख्ख्या वसाहतीला वाटायचं, वीज बटणातून येते.

मी सहावीत असताना बाबांना साइटवर पाठवलं. सातपुड्याच्या डोंगरांत एक औष्णिक वीजकेंद्र होतं, तिथे आमच्या कारखान्याचं यंत्र बसत होतं. काही महिन्यांचं काम होतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघीही गेलो. आईने ट्रंकेत सगळ्यात आधी हीटर भरला, गोधडीत गुंडाळून. परगावी राहायला मिळेल ते घर चालेल, पण शेगडी नको.

घर छान मिळालं. पुढे अंगण, अंगणात तुळस. पहिल्या सकाळी मी तुळशीपाशी गेले तर पानं राखाडी. मला वाटलं, इकडची तुळस वेगळी असेल. पाणी ओतलं तर खालून हिरवी निघाली. शेजारच्या घरात कोळसा हाताळणाऱ्या विभागातल्या एका ऑपरेटरची बायको राहायची, आईच्याच वयाची. ती दोरीवरची चादर झटकत होती, आणि चादरीतून पिठासारखं काही उडत होतं. तिने कुंपणावरून आईला नव्या शेजारणीला द्यायच्या सूचना दिल्या: माठावर फडकं बांधा, दही उघडं ठेवू नका, कपडे घरातच वाळवा. बोलता बोलता खोकत होती. तो खोकला मी ओळखला. आमच्या घरी तसाच होता.

आई आत आली आणि सवयीने खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं. मग कितीतरी वेळ ते बोट अंगठ्याशी चोळत उभी राहिली.

चार-सहा दिवसांतच तिचा दमा उसळला. इतका वाईट मी तोवर पाहिला नव्हता. संध्याकाळी ती पायरीवर दोन्ही हात टेकून बसायची, खांदे वर-खाली होत असायचे. आत ओट्यावर तिचा हीटर लालबुंद, स्वच्छ, धुराचा टिपूसही नाही. बाहेर तिला श्वास पुरेना. मला त्या हीटरचा अस्सा राग आला म्हणून सांगू! राग का आला ते मात्र कळत नव्हतं.

बाबा कामावरून आले, तिच्याजवळ बसले. तिला थोडं बोलता यायला लागल्यावर तिने बोट पुढे करून विचारलं, "ही राख कशाची हो?"

बाबांना दहा उत्तरं देता आली असती. चिमणीची, कोळशाची, वाऱ्याची. पण ते दमलेले होते, आणि खोटं त्यांना एरवीही जमत नसे.

"आपल्या हीटरची," ते म्हणाले.

आईला वाटलं, चेष्टा करताहेत. मग त्यांनी सगळं सरळ सांगितलं, बॉयलरच्या आत शिरून. इथे कोळसा जळतो, त्याने पाण्याची वाफ होते, ते चाक फिरतं, ती वीज तारांवरून दूरदूर जाते, भोपाळलाही जाते. आपल्याकडे नुसती ऊब पोचते. बाकी सगळं इथे राहतं. माझं कोडं एका वाक्यात सुटलं, आणि मला मुळीच आनंद झाला नाही.

आईची छाती जरा मोकळी झाल्यावर तिने हट्टच धरला, मला ते बघायचंय. नाकाला पदर लावून ती आमच्याबरोबर आली. बाबांनी लांबूनच दाखवलं: रुळांवर कोळशाच्या वाघिणी, एकीमागे एक, शेवट दिसेना. पट्ट्यावरून वर चढत जाणारा काळा ओघ. आणि ती चिमणी. आईने तिथल्या एका माणसाला एका वाघिणीकडे बोट दाखवून विचारलं, एवढी किती दिवस पुरते? तो हसायला लागला. "दिन? अरे बहनजी, चाय पीते-पीते खतम." आई त्या वाघिणीकडे बघतच राहिली. मला वाटतं, ती मनात आमचं दिवसभर तापणारं पाण्याचं पातेलं बघत होती.

डॉक्टर म्हणाले, यांना इथे ठेवू नका. आम्ही दोघी सुट्टी संपायच्या आधीच परत निघालो. शेजारीण निरोप द्यायला फाटकाशी आली. खोकत खोकतच तिने माझ्या हातात चिंचेची पुडी ठेवली. आम्हाला जायला भोपाळ होतं, तिला कुठे जायला नव्हतं. गाडी सुटल्यावर आईने खिडकीतून मागे पाहिलं. मग मला म्हणाली, "माझ्या वाटणीचा धूर ती खातेय."

घरी आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाक झाल्या झाल्या हीटर बंद केला. शेजारच्या काकू मोजे घेऊन आल्या, तर त्यांना वाटलं कॉइल तुटली. आईने त्यांना राखेची गोष्ट सांगितली. काकूंनी ऐकून घेतली, म्हणाल्या, "तुमच्या एका हीटरने काय होणार?" आणि मोजे परत घेऊन गेल्या. प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण आईला आता खाज सुटली होती. माझी खोड आली कुठून ते तेव्हा कळलं. बाबा साइटवरून परत येताच तिने विचारलं, आपण किती खातो ते कळेल कसं?

बाबांनी कारखान्यातून परवानगी काढून एक जुना, बाजूला टाकलेला मीटर आणला आणि स्वयंपाकघराच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या भिंतीवर ठोकला. काचेमागे ॲल्युमिनियमची पातळ चकती, कडेला एक लाल खूण. वीज वापरली की चकती फिरायची. जास्त वापरली की जोरात. मीटर नसलेल्या वसाहतीत हौसेने मीटर लावून घेणारं आमचं एकच घर. लोक बघायला यायचे, जसे कुणाकडे नवीन रेडिओ आला की यायचे. काही जण हसायचे. एक काका म्हणाले, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

पण ती चकती बघण्यात जी मजा होती, ती मी पुढे कुठल्या प्रयोगशाळेत अनुभवली नाही. दिवा लावला तर ती आळसावून फिरायची. हीटर लावला की लाल खूण भराभर येऊन जायची. आणि कुणी न्हाणीतला पाणी तापवायचा रॉड लावला, की आई ओरडून सांगायची, बघ बघ, कशी धापा टाकतेय! दम्याच्या बाईने चकतीला धाप लागलेली बघून कळवळावं, याचं आम्हाला हसू यायचं. तिला मात्र ते खरंच बघवत नसे. चकतीला जरा दम खाऊ दे, म्हणायची.

मग तिचे प्रयोग सुरू झाले. तूरडाळ भिजवून शिजवली तर चकती कमी फिरते. झाकण ठेवलं तर त्याहून कमी. लहान पातेलं मोठ्या तबकडीवर ठेवलं तर अर्धी ऊब नुसती हवेत जाते. भात अर्धा शिजला की हीटर बंद करायचा, आणि पातेलं गवत भरलेल्या खोक्यात ठेवून वर गोधडी दडपायची. मी शाळेतून येईपर्यंत भात तयार. पहिल्यांदा तो कच्चा निघाला, दुसऱ्यांदा लापशी झाला, तिसऱ्यांदा असा मोकळा झाला की बाबांनी मागून घेऊन खाल्ला. हीटर बंद केल्यावर तबकडी बराच वेळ गरम राहते हे कळल्यावर त्यावर शेंगदाणे भाजायचे ठरले. आमचा दाण्याचा कूट तेव्हापासून विझलेल्या हीटरवरचा. मोज्यांच्या काकूही हळूहळू डाळ भिजवायला लागल्या. हीटरचं पटल्यामुळे नाही, डाळ चांगली शिजते म्हणून. आई म्हणायची, कशाने का होईना.

कुठलीही गोष्ट अंगात आली की माणूस टोकाला जातं, तशी आईही गेली. त्या हिवाळ्यात थंडी कडाक्याची पडली आणि एका संध्याकाळी तिचा श्वास पुन्हा कोंडला. बाबांनी हीटर तिच्या पलंगापाशी आणला, वर पाण्याचं भांडं ठेवलं, वाफ यावी म्हणून. ती बोलू शकत नव्हती, तरी हाताने खुणावत होती, बंद करा, बंद करा. स्वयंपाकघरात चकती भरभर फिरताना तिला पलंगावरून दिसत होती. बाबांना राग येत नसे, त्या दिवशी आला. त्यांनी उठून मीटरवर टॉवेल टाकला.

"वाया जातं ते बंद करायचं," ते म्हणाले. "लागतं ते लागतं."

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. तिने डोळे मिटले आणि वाफ घेत राहिली.

पुढे सगळ्याच क्वार्टरांना मीटर लागले, घरोघरी गॅस आला, हीटर माळ्यावर गेले. बाबा निवृत्त झाले, आम्ही शाहपुऱ्यात घर बांधलं. मी शाळेत विज्ञान शिकवू लागले, आणि आईचं कोडं थोडं पुढे सरकलं. चिमण्यांना राख अडवणारी यंत्रं लागली, तेव्हा तिला बरं वाटलं. मग मी तिला सांगितलं की राख हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा वायू निघतोच, तो कुणा एकीच्या चादरीवर पडत नाही, सगळ्यांवर पडतो. ती म्हणाली, हे वाईट झालं. मी विचारलं, का? तर म्हणे, "राख दिसायची म्हणून मला कळलं तरी. न दिसणारं कुणाला कळणार?" चाळीस मुलांना जे शिकवताना माझ्या नाकी नऊ यायचे, ते ती ओट्यापाशी उभी राहून बोलून गेली.

बाबा गेले. आईचा दमा म्हातारपणी फुप्फुसांतच मुरला, आणि गेल्या वर्षी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी लहान कपाटाएवढं, दिवसभर घुमणारं. त्याची नळी तिच्या नाकाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, आंघोळीपुरतं काढा, एरवी नाही.

एका सकाळी मी मोबाइलवर कार्बन फुटप्रिंट काढायचा उद्योग करत होते. हल्ली अशी गणितं मिळतात, प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग मोबाइल सांगतो तुमच्यामुळे वर्षाला किती कार्बन हवेत जातो. आईला सांगितलं तर तिचे डोळे चमकले. चकतीच ती, फक्त मोठी. म्हणाली, माझं काढ. गाडी आहे का? नाही. विमानाने किती जाता? आई हसली, मी इटारसीच्या पलीकडे किती वेळा गेले ते तुला माहीत आहे. मांसाहार, नाही. नवे कपडे, तूच आणतेस तेवढे. आकडा आला तो इतका लहान की ती लाजली. मग मशीनकडे बोट करून म्हणाली, "आणि हे धरलंस का?"

धरलं नव्हतं. मोबाइल त्याच्याबद्दल काही विचारतच नव्हता. मी उगाच शहाणपणा करून सांगितलं की ते चार पंख्यांएवढी वीज घेतं, दिवसरात्र. आणि भाजी आणायला बाहेर पडले.

परत आले तर घर शांत. ती शांतता कसली, ते दारातच कळलं. मशीन बंद होतं. आई पलंगावर दोन्ही हात टेकून बसली होती, तशीच, त्या पायरीवर बसायची तशी. ओठ निळसर. मी पिशवी टाकली, बटण दाबलं, नळी लावली, आणि तिच्या श्वासाला लय येईपर्यंत तिची पाठ चोळत राहिले. ती जरा सावरल्यावर मी तिच्यावर जी सुटले! ऐंशीच्या पुढची आई, पण मी तिला शाळेतल्या पोरासारखं झापलं. डाळ भिजवणं वेगळं आणि हे वेगळं, अक्कल गहाण टाकलीस का, म्हटलं. घाबरले होते, म्हणून आवाज चढला होता. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "नुसती बसलेच तर होते. म्हटलं, तेवढीच तिची चादर स्वच्छ."

जिच्या चादरीबद्दल ती बोलत होती, ती साइटवरची शेजारीण आता असेल की नसेल, आम्हाला ठाऊक नाही. मी बाबांचंच वाक्य काढलं, लागतं ते लागतं. ती म्हणाली, ते टॉवेल टाकून बोलले होते, मीटर काही थांबला नव्हता.

म्हणून मी छतावर सोलर पॅनेलं बसवली. बसवणाऱ्यांनी काम उरकल्यावर आईने मला वर पाठवलं, त्यांच्यावर काय पडतं ते पुसून आण म्हणून. मी ओलं फडकं फिरवून खाली आणलं. तिने बोट लावलं, अंगठ्याशी चोळलं, उजेडात धरलं. रस्त्याच्या कामाची लाल माती होती. ती खूश झाली. मी तिला हेही सांगितलं की ही पॅनेलं बनतात तिथेही कारखाने असतात, धूर काही शून्य होत नाही. त्यावर म्हणाली, कमी तर झाला.

त्या दुपारी ऊन चांगलं होतं. मी तिला म्हटलं, आता तू घेतेस तो श्वास उन्हाचा आहे. कुणाच्या अंगणात काही पडत नाही. तिने मोठा श्वास घेतला, मुद्दाम, मला दाखवायला. मग तिने विचारलं, "आणि रात्री?"

तिच्याशी खोटं बोलणं मलाही जमत नाही. म्हटलं, रात्री बहुतेक कोळशाचाच.

"मग रात्री मी सावकाश घेईन," ती म्हणाली.

आणि हसली. हसता हसता खोकला आला, खोकला थांबल्यावर पुन्हा हसली. मीही हसले. मग उठून मी मशीन फिरवलं आणि त्याचं बटण भिंतीकडे करून ठेवलं, तिचा हात पोचणार नाही असं.